घरातली जुनी नाणी ग्रेडिंगला पाठवावीत का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. कराडच्या घरी आजोबांच्या ट्रंकेत पस्तीसेक रुपये निघाले: राणीछाप (व्हिक्टोरियाचे), एडवर्डचे, पंचम जॉर्जचे आणि सहाव्या जॉर्जचे १९३८ पासून १९४७ पर्यंतचे. त्यातला एक १९३९ चा आहे, एक १९११ चा आहे. शिवाय मूठभर शिवराया (शिवछत्रपतींच्या नावाची तांब्याची नाणी) आणि वैष्णोदेवीचं चित्र असलेली पाच-दहा रुपयांची नाणी. एका विक्रेत्यानं सांगितलं की सगळी अमेरिकेला ग्रेडिंगला पाठवा, किंमत दुप्पट होईल. पाठवावीत का, आणि पाठवायची तर कुठली?

उत्तर आधी देतो. १९३९ चा रुपया घरच्या तपासणीत टिकला तर तो पाठवावा. १९३८ चा एखादा खरोखरच न वापरलेला असेल तर त्याचा हिशेब मांडून ठरवावं. बाकीची पाठवू नयेत, आणि त्यातली बहुतेक तर कायद्यानं देशाबाहेर पाठवताच येत नाहीत. या शेवटच्या गोष्टीबद्दल विक्रेत्यानं तुम्हाला काहीच सांगितलेलं दिसत नाही, म्हणून ती खाली सविस्तर लिहितो.

ग्रेडिंग कंपनी तीन गोष्टी तपासते: नाणं अस्सल आहे का, त्याचा पृष्ठभाग मूळचा आहे का, आणि ते किती झिजलंय. मग १ ते ७० मधला एक आकडा देऊन ते नाणं प्लास्टिकच्या कडक डबीत सीलबंद करते. संग्राहक त्या डबीला स्लॅब म्हणतात. जगभर दोन अमेरिकन कंपन्यांचे स्लॅब चालतात: १९८६ साली सुरू झालेली पीसीजीएस आणि १९८७ ची एनजीसी. ७० गुणांची पट्टी विल्यम शेल्डन यांनी १९४९ साली अमेरिकेच्या जुन्या तांब्याच्या सेंटसाठी मांडली होती, आता ती सगळ्याच नाण्यांना लावतात. व्हीएफ (बऱ्यापैकी झिजलेलं) म्हणजे २० ते ३५, एक्सएफ (थोडं झिजलेलं) ४० आणि ४५, एयू (जेमतेम फिरलेलं) ५० ते ५८, आणि ६० पासून पुढे एमएस, म्हणजे चलनात न फिरलेलं नाणं. नाणं अस्सल आहे पण घासलेलं, कोरलेलं किंवा कडी लावून काढलेलं आहे असं दिसलं, तर आकडा मिळत नाही. नुसता 'डिटेल्स' शेरा मिळतो आणि दोषाचं नाव डबीवर छापून येतं. एकदा ते छापून आलं की विकताना लपवता येत नाही, लपवूही नये.

आता मुद्द्याचं. ग्रेडिंग कंपनी नाणं विकत घेत नाही. किंमत ठरवतो गिऱ्हाईक, आणि तो सुट्या नाण्याची किंमत सांगताना मनातल्या शंकेपोटी काही रक्कम कापून सांगतो. हे खरं आहे का? कुणी घासलंय का? विकणारा 'यूएनसी', म्हणजे न फिरलेलं, म्हणतोय, पण गालावर झीज तर नाही ना? ही कापलेली रक्कम स्लॅबमुळे परत मिळते, त्याहून जास्त काही मिळत नाही. १९४४ च्या रुपयाबद्दल कुणालाच शंका नसते. तो प्रचंड संख्येनं पाडला गेला, त्याच्या नकला करून कुणाचं पोट भरत नाही, आणि भाव चांदीच्या आसपास फिरतो. तिथं कापलीच न गेलेली रक्कम परत कुठून मिळणार? १९३९ च्या रुपयाचं उलटं आहे. तो फार कमी सापडतो, त्याच्या नकला उदंड आहेत, आणि समोरचा माणूस कितीही सज्जन असला तरी जाणता गिऱ्हाईक सुट्या नाण्यावर पूर्ण पैसे लावत नाही. म्हणून प्रत्येक नाण्यासमोर एकच प्रश्न लिहा: या नाण्यावरच्या शंकेची किंमत ग्रेडिंगच्या खर्चापेक्षा जास्त आहे का?

कायदा

१९७२ च्या पुरावशेष व बहुमूल्य कलाकृती कायद्यानुसार किमान शंभर वर्षं जुनं नाणं हे पुरावशेष ठरतं. पुरावशेष देशाबाहेर नेण्याचा अधिकार केंद्र सरकारला किंवा त्यानं नेमलेल्या संस्थेलाच आहे. खासगी माणसानं कुरिअरनं पाठवणं, एजंटाकडून पाठवणं, बॅगेत टाकून नेणं, सगळंच गुन्हा आहे. शिक्षा सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. 'ग्रेड करून परत आणायचंय' ही सबब कायद्यात कुठंही नाही.

आता हे तुमच्या ट्रंकेला लावा. राणीछाप सगळे गेले. एडवर्डचे १९०३ ते १९१० चे गेले. पंचम जॉर्जचे चलनातले रुपये १९११ ते १९२२ या सालांचे, तेही गेले. शिवराया तर प्रश्नच नाही. बाहेर पाठवता येतील असे उरतात फक्त सहाव्या जॉर्जचे, १९३८ पासून पुढचे. एजंट 'आम्ही नेहमी पाठवतो' असं म्हणाला तर त्याला विचारा की निर्यातीच्या कागदावर नाण्याचं साल लिहिणार का. कागदावर नाव तुमचं असेल, आणि कस्टम्समध्ये अडकलं तर नाणंही जाईल. कुणी भारतातच परीक्षण होणार असल्याचं सांगत असेल, तर नाणं प्रत्यक्ष कुठल्या शहरात तपासलं जाणार आणि देशाबाहेर जाणार नाही, हे लेखी घ्या. तेवढं लेखी मिळालं तरच शंभरीपार नाण्याचा विचार करा.

देवघर, सराफ आणि गलाई

आपल्याकडच्या नाण्यांना 'डिटेल्स' शेरा मिळण्याची कारणं बहुधा घरातच असतात. लक्ष्मीपूजनाला रुपये बाहेर येतात. चिंच, लिंबू, राख, रांगोळी, पितांबरी, दंतमंजन यांपैकी कशानं तरी ते लख्ख होतात, पंचामृतानं न्हातात, हळदकुंकू लावून परत डब्यात जातात. श्रद्धेचा भाग आहे, त्यावर मला काही म्हणायचं नाही. पण पूजेसाठी दोन साधे, झिजलेले रुपये वेगळे काढा आणि बाकीच्यांना हात लावू नका, ही मनापासून विनंती. सत्तर-ऐंशी वर्षं जपलेलं नाणं विकण्याच्या आदल्या रात्री घासून आणलेलं पाहिलं की जीव तुटतो. ते नुकसान कुठल्याही उपायानं भरून येत नाही.

कारण समजून घ्या. छाप पडताना धातू दबून आतून कडेकडे सरकतो आणि पृष्ठभागावर डोळ्याला न दिसणाऱ्या बारीक रेषा उमटतात. मूळची चमक त्या रेषांची असते. चिंच-लिंबाचं आम्ल तो थर खाऊन टाकतं आणि पूड त्यावर समांतर ओरखडे उठवते. नाणं पांढरं दिसतं, पण त्यातली चमक मेलेली असते. परीक्षकाला हे काही सेकंदांत कळतं.

दुसरं कारण सराफकट्टा. विटा, खानापूर, आटपाडीकडची माणसं गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याच्या, धंद्यात देशभर पसरली आहेत आणि चांदीचा कस त्यांच्याइतका क्वचितच कुणाला कळतो. त्यामुळे जुनी नाणी निघाली की घरातले ती आधी गलाईवाल्या पाहुण्याला दाखवतात. त्याला चांदीशी मतलब. तो कडेला कानस मारून, छेद देऊन पाहतो, आणि चांदी चांगली निघाली तरी नाणं बाद होतं. टंच, म्हणजे चांदीची शुद्धता, काढायचाच असेल तर मशीनवर, ओरखडा न काढता काढून मागा. मशीन फक्त वरचा थर वाचतं हे ध्यानात ठेवा. जुन्या चांदीच्या वरच्या थरातलं तांबं कमी झालेलं असतं, त्यामुळे आकडा खऱ्यापेक्षा वर येऊ शकतो. आणि चांदीचा मुलामा दिलेलं खोटं नाणंही चांगला टंच दाखवतं.

तिसरं, कडी. रुपयांना टाका देऊन माळ किंवा पदक करण्याची रीत होती. कडी काढून जागा घासली तरी कडेवर टाक्याच्या धातूचा वेगळा रंग आणि बुजलेल्या रेघा दिसतात. असं नाणं घरी ठेवा, आजीची आठवण म्हणून ते मोलाचंच आहे, पण ग्रेडिंगला पाठवू नका.

घरी काय तपासायचं

हवं काय? ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा डिजिटल काटा, दहापट मोठं दाखवणारं भिंग, एक टेबललॅम्प, एक चुंबक. नाणं नेहमी कडेनं धरायचं, खाली मऊ कापड असू द्यायचं.

आधी वजन. ब्रिटिश रुपया म्हणजे बरोबर एक तोळा, ११.६६ ग्रॅम. झिजलेला रुपया ११.५ किंवा त्याहून थोडा खाली येतो. चांगल्या ठसठशीत दिसणाऱ्या नाण्याचं वजन ११.३ आलं तर तिथंच थांबा. १९३९ पर्यंतच्या रुपयात ९१.७ टक्के चांदी, म्हणजे शुद्ध चांदी सुमारे १०.७ ग्रॅम. १९४० पासून चांदी निम्म्यावर आणली, बाकी तांबं, निकेल आणि जस्त. त्यात शुद्ध चांदी सुमारे ५.८ ग्रॅम. १९४७ चा वाघाचा रुपया निकेलचा आहे आणि तो चुंबकाला चिकटतो. तो खोटा समजून टाकून देणारे भेटतात. चिकटणं हीच त्याची खूण आहे. चांदीचा रुपया मात्र चिकटला तर खोटाच.

मग पाण्यातलं वजन. ही चाचणी थोडी बारकाईनं सांगतो, कारण १९३९ च्या रुपयासाठी ती फार उपयोगी आहे. काट्यावर पाण्याचा छोटा पेला ठेवा आणि काटा शून्यावर आणा. नाण्याला बारीक नायलॉनचा धागा बांधा. सुती दोरा पाणी पितो आणि आकडा बिघडवतो. नाणं हातानं लोंबतं धरून पूर्ण बुडवा, पण तळाला किंवा कडेला टेकू देऊ नका. नाण्याला चिकटलेले बुडबुडे हलकेच हलवून सोडवा. आता काटा जो आकडा दाखवतो त्यानं नाण्याच्या कोरड्या वजनाला भागा. ९१.७ टक्के चांदीचा ११.६६ ग्रॅमचा रुपया पाण्यात सुमारे १.१३ दाखवेल, भागाकार १०.३ च्या जवळ. निम्म्या चांदीचा रुपया १.२२ च्या आसपास दाखवेल, भागाकार साडेनऊ. तांबं-निकेलच्या नकलेला काटा १.३० च्या पुढे जातो. शेवटच्या अंकात एकचा फरक पडला तरी भागाकार थोडा हलतो, म्हणून तीनदा मोजा. झाल्यावर नाणं सुती कापडात नुसतं दाबून टिपा, पुसू नका. तांब्याच्या नाण्यावर हा प्रयोग करू नका.

म्हणजे कुणी १९४० च्या पुढच्या रुपयाचं साल बदलून १९३९ केलं असेल तर पाणीच सांगून टाकतं. १९४० नंतरच्या बहुतेक रुपयांच्या कडेला रेघांच्या मधोमध सुरक्षेसाठी खोबणही असते, ती १९३९ वर दिसली तर प्रश्न मिटला. पण १९३८ चा शेवटचा ८ कोरून ९ केला असेल, तर धातू तोच असल्यामुळे पाण्याची चाचणी पास होते. तिथं भिंग लागतं. शेवटच्या आकड्याभोवतीची सपाट जागा बाकीच्या जागेपेक्षा वेगळी चकचकीत किंवा खरवडलेली दिसते का? आकड्याची उंची शेजारच्या ३ एवढी आहे का? मुळाशी बारीक रेघ, टाक्याच्या धातूचा रंग? ओतीव नकलेत सपाट जागेवर टाचणीच्या टोकाएवढे खड्डे दिसतात, अक्षरांच्या कडा मऊ असतात, आणि कडेवर सांधा घासल्याची खूण राहते. चांदीतूनच ओतलेली नक्कल वजन आणि पाणी दोन्हींत पास होऊ शकते, म्हणून भिंग कधीच वगळू नका.

१९११ च्या रुपयाला निसर्गदत्त म्हणावी अशी खूण आहे. राजाच्या झग्यावरच्या साखळीत छोटा हत्ती आहे. त्या साली त्याची सोंड इतकी आखूड पडली की तो डुकरासारखा दिसू लागला, लोकांनी आक्षेप घेतला, बराच माल परत घेऊन वितळवला, आणि १९१२ पासून सोंड लांब केली. संग्राहक त्याला 'पिग रुपया' म्हणतात. १९१२ चा २ खरवडून १ केला असेल तर साल १९११ आणि सोंड मात्र लांब, असं दिसतं. साल वाचण्याआधी सोंड पाहा.

मग झीज. खोलीत अंधार करा, एकच दिवा ठेवा, नाणं त्याच्याखाली सावकाश तिरपं फिरवा. न वापरलेल्या नाण्यावर चमकेचा पट्टा अखंड फिरतो. सहाव्या जॉर्जच्या नाण्यावर मुकुटाची पट्टी, कानावरचे केस आणि गाल हे सगळ्यात उंच भाग. पट्टा फिरताना नेमका तिथंच तुटला आणि ती जागा राखाडी, मंद दिसली, तर नाणं थोडं का होईना फिरलंय. म्हणजे एयू, एमएस नाही. १९४० पुढच्या निम्म्या चांदीची चमक मुळातच कमी आणि ती लवकर काळवंडते, त्यामुळे ही नाणी नवखी नजर हमखास कमी लेखते. काळवंडण्याला मात्र दोष समजू नका. कडेकडून आत हळूहळू बदलत गेलेला रंग मूळ पृष्ठभाग शाबूत असल्याचा पुरावाच असतो.

नाण्यावर हिरवट, चिकट थर असेल तर तो बहुतेक मऊ प्लास्टिकच्या अल्बमचा प्रसाद. ते प्लास्टिक पीव्हीसीचं असतं आणि त्याला वास येतो. यावर एकच सुरक्षित उपाय आहे: प्रयोगशाळेत वापरतात तो शुद्ध ॲसिटोन. नेलपॉलिश रिमूव्हर चालत नाही, त्यात तेल आणि सुगंध असतो. काचेच्या भांड्यात नाणं दहा-पंधरा मिनिटं बुडवून ठेवा, मग दुसऱ्या स्वच्छ ॲसिटोनमधून काढा, तसंच वाळू द्या. खिडक्या उघड्या हव्यात, जवळपास गॅस पेटलेला नको. घासायचं काहीही नाही. सराफाकडचं चांदी उजळायचं द्रावण मात्र लावू नका, ते चमकेचा थर खातं.

हिशेब

फी डॉलरमध्ये असते आणि नाण्याच्या जाहीर किमतीप्रमाणे वर्ग बदलतो. तिच्यावर हाताळणीचा आकार, जाण्या-येण्याचा विमा आणि टपाल, एजंटाचं कमिशन, परत येताना कस्टम्सचा व्याप हे चढतं. एजंटाकडून नाण्यामागे 'सगळं धरून किती' हा एकच आकडा मागा. आपण उदाहरणापुरते ४,००० रुपये धरू.

समजा १९३८ चा चमक असलेला रुपया आहे आणि सुटा ६,००० ला जातोय. एमएस ६३ किंवा वर आला तर १४,०००, एयू ५८ ते एमएस ६२ मध्ये बसला तर ७,०००, 'डिटेल्स' आला तर ३,५००. हे आकडे हिशेबासाठी घेतलेत, तुम्ही लिलावांचे गेल्या वर्षभरातले विक्रीभाव घ्या, मागितलेले भाव नकोत. आता शक्यता मांडा: ६३ येण्याची पंचवीस टक्के, मधल्याची पंचेचाळीस, 'डिटेल्स'ची तीस. बेरीज ३,५०० अधिक ३,१५० अधिक १,०५०, म्हणजे ७,७००. खर्च वजा केला की उरले ३,७००. सुटं विकलं तर ६,०००. पाठवू नका. 'दुप्पट होईल' म्हणणारा फक्त पहिली ओळ वाचून दाखवतो.

शक्यता ठरवताना स्वतःच्या नाण्यावर प्रेम करू नका. बाजारात ज्याला सर्रास यूएनसी म्हणतात त्यातली पुष्कळ नाणी एयू ५५-५८ किंवा हलकी घासलेली निघतात. म्हणून तुमचा अंदाज एमएस ६३ असेल तर हिशेब ६१ ला करा. आणखी एक सापळा 'टॉप पॉप'चा, म्हणजे यादीत याहून वरच्या ग्रेडचं नाणं नाही या बढाईचा. कंपन्या त्यांच्याकडे कुठल्या ग्रेडची किती नाणी आली याची यादी ठेवतात. भारतीय नाणी तिकडे तुलनेनं कमी जातात, त्यामुळे साधं नाणंही 'या ग्रेडमध्ये फक्त तीन' असं दिसतं. ती तीन म्हणजे पाठवलेली तीन. डब्यांत पडून असलेली त्यात धरलेली नाहीत.

१९३९ चा रुपया पाठवताना

हा रुपया ११.५५ ते ११.६६ च्या आसपास वजनाचा, पाण्याच्या चाचणीत भागाकार १०.३ च्या जवळ आणि भिंगाखाली स्वच्छ निघाला तर एक पायरी मध्ये घ्या. पुण्या-मुंबईच्या नाणे प्रदर्शनात दोन वेगवेगळ्या जाणकारांना, एकमेकांना न सांगता, दाखवा. विकायचा विषय काढू नका, फक्त अस्सल वाटतो का ते विचारा. दोघांपैकी एकही अडखळला तर तो नेमका कशावर अडखळला ते लिहून घ्या आणि पुन्हा भिंग लावा. नकली नाण्याला स्लॅब मिळत नाही, पण फी जातेच.

पाठवण्याआधी नाण्याचे दोन्ही बाजूंचे आणि कडेचे फोटो काढा, काट्यावर वजन दिसेल असा एक फोटो काढा. भिंगातून एखादा ओरखडा किंवा डाग शोधून त्याचा जवळचा फोटो ठेवा, कारण परत आलेलं नाणं तुमचंच आहे हे त्यावरून सिद्ध होतं. नाणं पीव्हीसी नसलेल्या पारदर्शक पाकिटात घाला, त्याच्या दुसऱ्या कप्प्यात चिठ्ठी. स्टेपलर लावू नका, पिना नाण्यावर ओरखडे काढतात. एजंटाकडून पोच घ्या, आणि तिच्यावर साल, वजन, जाहीर किंमत, वाटेत हरवल्यास भरपाई कोण देणार, आणि नाणं कधीपर्यंत परत येणार हे लिहिलेलं हवं. देशातल्या देशात पाठवताना कुरिअरच्या अटी वाचा, नाणी आणि दागिने बहुतेक वेळा विम्यातून वगळलेले असतात. एकाच नाण्यासाठी साताऱ्याहून मुंबईला स्वतः जाऊन हातात देणं स्वस्त पडतं.

शिवराया आणि वैष्णोदेवी

'श्री राजा शिव' आणि मागे 'छत्र पति' लिहिलेल्या शिवराया आपल्याकडे पुष्कळ सापडतात, त्यातही दोन आडव्या रेघांची दुदांडी. सातारा राजधानी असलेल्या मराठी राज्याच्या इतिहासाची ती खूण आहे, म्हणून त्यांचं मोल आहेच, पण ग्रेडिंगशी त्याचा संबंध नाही. शिवराईची खरी माहिती अक्षरवळणात, चिन्हांत आणि टाकसाळीच्या फरकात असते, ती ७० च्या पट्टीवर मावत नाही. त्यांना घासू नका. तांब्यावरचा टणक गडद थर ठेवायचा असतो. नखानं सुटणारी फिकट हिरवी पूड दिसली तर ते नाणं लगेच वेगळं करा. ओलाव्यात ती वाढत जाते आणि पाटण, जावळी, महाबळेश्वरकडच्या पावसाळ्यात फार झपाट्यानं. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि त्या अधूनमधून तापवून कोरड्या करा.

या शिवराया ट्रंकेतल्या आहेत म्हणून ठीक. शेतात, पाया खणताना नाणी मिळाली असतील तर १८७८ चा निखात निधी कायदा लागू होतो आणि दहा रुपयांहून जास्त मोलाची वस्तू सापडल्याचं जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. सोन्याचा शिवकालीन होन कुणी विकायला आणला तर आधी नकलीच समजा. अभ्यासाच्या दृष्टीनं दाखवायचं असेल तर साताऱ्याचं शिवाजी महाराज संग्रहालय, पुण्याचं भारत इतिहास संशोधक मंडळ, किंवा नाशिकजवळ अंजनेरीची नाणकशास्त्र संशोधन संस्था इथं विचारा.

वैष्णोदेवीची नाणी खर्च करा किंवा हौस म्हणून ठेवा. ती लाखाला जातात ही अफवा आहे. त्याच अफवेवर फोन येतात: 'नाणं दहा लाखांना घेतो, आधी नोंदणी फी भरा'. त्यात रिझर्व्ह बँकेचं नाव घेतलं जातं. जुन्या नाण्या-नोटांच्या खरेदीविक्रीसाठी आपण कसलंही शुल्क किंवा कमिशन मागत नाही, असा इशारा रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट २०२१ मध्येच दिला आहे. एक रुपयाही भरू नका.

१९३९ चा रुपया स्लॅब होऊन आला की डबीवरचा क्रमांक कंपनीच्या साइटवर टाकून तिथली नोंद आणि फोटो तुमच्या नाण्याशी, त्या जपून ठेवलेल्या ओरखड्याशी, ताडून पाहा. नकली स्लॅबही बाजारात आहेत. विकताना गिऱ्हाईकालाही हेच करायला सांगा. आकडा अपेक्षेपेक्षा कमी आला म्हणून डबी फोडून पुन्हा पाठवायचा मोह होईल. तो आवरा: दुसऱ्या वेळी फी पुन्हा पूर्ण लागते, आकडा बहुधा तोच येतो, आणि डबी फोडताना नाण्याच्या कडेला लागलेली इजा या वेळी डबीवर छापून येते.